मुक्या वळणावर बेस

२ मार्च, रविवार

सात महिने या वहीला हात लावला नाही. माफी मागायची तर वहीची की स्वतःची हे ठरत नाही, तरी मागते. अकोल्यात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि तेवढंच लिहून ठेवायला जीवावर येत होतं.

आज मात्र घडलं. वीर स्टेशनला उतरले तेव्हा पाठीवर बेस गिटार, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पेडलांची पेटी. रिक्षावाल्यानं त्या लांबलचक काळ्या पिशवीकडे बघून विचारलं, यात बंदूक आहे का. गिटार आहे म्हटल्यावर म्हणाला, मग वाजवायला आलाय का शिकवायला? दोन्हीला, असं तोंडातून निघून गेलं आणि फार बरं वाटलं. त्रेचाळिसाव्या वर्षी पोलादपूरजवळच्या तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला आलेली बाई एवढी खूश असावी का, कोण जाणे. पण आहे.

खोली हिरडेकोंडच्या बौद्धवाडीत मिळाली. पुढच्या खोलीत कमळाबाई, वय ऐंशीच्या आसपास, एकट्या. मागची खोली माझी. शहाबादी फरशी, एक खिडकी, खिडकीत डोंगर. जेवताना भाकरी आणि सुकट वाढत त्यांनी लग्नाचं विचारलं. केलं नाही म्हटल्यावर बोलल्या, "बरं केलंस गो. मी केलं, काय दिवे लागले?"

६ मार्च

कमळाबाईंचा भाचा सुहास समोरच राहतो. महाडच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात बेंजो पार्टी चालवतो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी. ती टेम्पोवर कर्ण्यांतून वाजते आणि कानात सुई घातल्यासारखी लागते. सोबत दोन ढोल, ताशा. सुहासचं दुखणं असं की पोरांना आता पोटात दणका हवा असतो आणि बेंजोला पोट नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्याला माझी बेस हवी आहे, पण ढोलाखाली गाडली न जाणारी.

संध्याकाळी माझी तिन्ही पेडलं, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायच्या डब्या, लावून बघितली. पहिलं, फझ नावाचं, आग्यामोहोळासारखं उठतं, पण सूर संपताना थुंकल्यासारखा तुटतो. खास बेससाठीचं ओव्हरड्राइव्ह सभ्य आहे. इतकं सभ्य की ढोल सुरू झाला की ते बाजूला सरकून त्याला वाट देतं. तिसरं गिटारसाठी बनवलेलं डिस्टॉर्शन. त्यात धार आहे, पण खालचा सूर आत शिरायच्या आधीच एक बारका कपॅसिटर त्याला दारात अडवतो. सुहासनं बोट ठेवलं ते तिसऱ्यावर. "ह्याला दात हायत मॅडम. पोट तुमी लावा."

९ मार्च

दिवसभर सोल्डरिंग. दारातला कपॅसिटर काढून कितीतरी मोठा बसवला. आवाजाची डोकी छाटणारे डायोड काढून त्या जागी दोन लाल एलईडी लावले. त्यानं आवाज मोकळा होतो, आणि सूर जोरात आला की ते दिवे पेटतात. म्हणून ते झाकणावरच बसवले. शेवटी एक जास्तीचं बटण: ते फिरवलं की न छाटलेला कोरा सूर खालून मिसळतो. आता पोटही आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. बेसच्या सर्वांत जाड तारेला लागतो त्याहून फारच मोठा कपॅसिटर मी लावला. आता या पेडलात कानाला ऐकू न येणारी थरथरही शिरते. आणि डिस्टॉर्शनचं कामच असं की खोल सुराला चिरडून त्याचे वरचे सूर बाहेर काढायचे. म्हणजे जे ऐकू येत नाही त्याचीही पिल्लं ऐकू येणार. गरज नव्हती. हावरटपणा झाला. पण आवाज काय सुंदर आहे!

१५ मार्च

पोलादपूरला हळदीची सुपारी वाजवून टेम्पोनं परतत होतो. पोरं मजेत वाजवत होती. गावाच्या अलीकडे डोंगराला घासून रस्ता वळतो, तिथे कोणी न सांगता सगळं थांबलं. ढोलवाल्यांनी ढोलाच्या दोन्ही तोंडांवर तळहात दाबून धरले, टेम्पोच्या हादऱ्यानंसुद्धा कातडं वाजू नये म्हणून. वळण संपल्यावर हात उचलले. मी विचारलं. सुहास नुसतं म्हणाला, मुकं वळण आहे, इथं वाजवत नाहीत, गावकीचा नियम.

माझ्या अंगाची लाही झाली. महाडपासून इतक्या जवळ, एवढं सगळं होऊन गेल्यावर, आमच्या वाजंत्र्यांनी कुठे गप्प बसायचं ते अजून गावकी ठरवते? सुहासला नको ते बोलले. तो हसला. म्हणाला, सगळ्यांचंच बंद असतं.

२० मार्च

शिमग्याची पालखी बघायला मुद्दाम वळणावर जाऊन उभी राहिले. खरंच. देवीच्या पालखीपुढचे ढोलही तिथे गप्प झाले, तसेच तळहात दाबून. लहान मुलांच्या पायातले वाळे आयांनी मुठीत धरले. माझा संशय खोटा ठरला याची लाज वाटली. लाज वाटायलाच हवी.

वळणावर पहिलं घर महिपतराव मोऱ्यांचं, गावकीतला मोठा माणूस. त्यांना सरळ विचारलं. अदबीनं बोलले. म्हणाले, डोंगरात देवी झोपते. पण देवीचं देऊळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि बोलताना ते सारखे पायाखाली बघत होते. संशय अजून संपलेला नाही. आता मीच हट्टाला पेटले आहे की काय, हे तपासायला हवं.

२३ मार्च, रविवार

तपासलं. हट्टच आहे. तरी गेले.

भर दुपारी, एकटी. बॅटरीवरचा छोटा अँप्लिफायर, बेस, पेडल. रस्ता सार्वजनिक आहे. मिरवणुकीतल्या गाण्याचा सगळा खालचा भाग वाजवला. डोंगर जागेवर होता. महिपतराव ओटीवर आले, माझ्याकडे बघितलं आणि त्या उकाड्यात आत जाऊन दार लावून घेतलं.

थांबले. तारांवर तळहात ठेवला. पेडलावरचे लाल दिवे विझले नाहीत.

लांब, मग आखूड आखूड. लांब, मग आखूड आखूड. अँपमधून खरखर येत होती, फरशीवरून पलंग ओढल्यासारखी.

जे जे करून बघितलं ते लिहिते. विजेची घरघर नाही, जवळ वायर नाही. कपॅसिटर ठोकून बघितला, तो आवाज वेगळा. केबल काढली की बंद, लावली की सुरू. हात उचलला तर जाड तार आपली आपण थरथरत होती. मग बटण फिरवून फक्त कोरा सूर ठेवला. खरखर गेली, कानाला काहीच नाही. पण स्पीकरचा कागद आतबाहेर होत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. त्याच ठेक्यात.

बेस जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा दिवे जास्त पेटले.

२७ मार्च

सुहासला घेऊन गेले. माझ्या एकटीच्या कानांवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. मी एक ठेका छेडला. तो परत आला. बदलला. बदललेला परत आला. सुहास आधी हसत होता, खालच्या पाहुण्यांना सुपारी द्या म्हणत होता. मग हसू गेलं. "मॅडम, हे यंत्र नाय. ढोल हाय. एका तोंडावर टिपरी, दुसऱ्यावर हात."



३० मार्च

पेडल कमी वाजतंय म्हणून उघडलं. आत लाल माती. ओली. कपॅसिटरचे पाय बुडाले होते. स्क्रू घट्ट होते, मीच आवळलेले. ब्रशनं, स्पिरिटनं साफ केलं. हे मीच करते आहे का, झोपेत वगैरे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सांध्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर आडवी सही केली.

३१ मार्च

सही जशीच्या तशी. आत माती.

२ एप्रिल

मूठभर माती कमळाबाईंपुढे ठेवली आणि विचारलं. त्यांनी ती बोटांनी चोळली. मग भाताचं पातेलं उतरवून ठेवलं आणि सांगितलं. जमेल तसं उतरवते.

जुनी वस्ती वळणाखाली होती. गावाचे ढोल वाजवायचं काम तिथल्या लोकांचं, वाजवा म्हटलं की वाजवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, उरलेलं खायचं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी सगळं सोडलं. ढोल आढ्याला टांगून ठेवला. पुढच्या पावसाळ्यात डोंगर खचून खाली आला. कमळाबाई बापाबरोबर महाडला होत्या. आई, धाकटी बहीण मैना, बाकीची घरं, सगळं खाली.

दुसऱ्या दिवशी मातीखालून ढोल वाजायला लागला.

त्यांनी माती परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "नको नको म्हणून टांगलेला. खाली त्योच वाजवला गो. आमी हितं हाव म्हणून."

बाहेर राहिलेल्या चारदोन माणसांनी हातांनी उकरलं. गावात कुदळी मागायला गेले. गाव म्हणालं, आमचे ढोल वाजवत नाही ना, मग आमच्या कुदळी कशाला? कोणी म्हणालं देवीचा कोप, हात लावाल तर अजून येईल. ढोल वाजत राहिला. मग थांबला. पुढे शिमग्यात गावानं दुसरीकडून वाजंत्री आणली. वळणावर ती वाजली तेव्हा खालून जाब आला, सगळ्यांनी ऐकला. तेव्हापासून तळहात.

तर माझा पहिला राग खोटा नव्हता. नियम सगळ्यांना सारखा होता, एवढंच. गप्प कशासाठी बसायचं ते कोणीच विचारत नव्हतं. मी वाजवणार.

६ एप्रिल

पार्टीची बैठक. दोघं म्हणाले वाजवायचं नाही, मेलेल्यांना त्रास कशाला. एक म्हणाला, मॅडमना काय, बदली करून जातील. ते लागलं. खरंच जाईन का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

सुहास म्हणाला, ज्याला यायचं नाही त्यानं ढोल ठेवून जावा. कोणी गेलं नाही.

९ एप्रिल

महिपतराव आले. पायरीवर बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. कमळाबाईंनी पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. मला वाटलं धमकी देतील. त्यांनी हात जोडले. आजोबांनी कुदळी दिल्या नाहीत, हे त्यांना माहीत आहे. घरात कधी बोललं जात नाही, पण माहीत आहे.

मी म्हटलं, मग आता तरी वाजवू द्या, त्यांना कळू दे की ऐकलं. ते म्हणाले, "ताई, त्यांनी वाजवून कोणी आलं नाय. म्हणून त्येच निघालेत. माझ्या जोत्याखाली रोज खणतात. तुमी वाजवता तेव्हा त्यांना दिशा मिळते."

कमळाबाईंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. म्हणाल्या, "येऊ देत की. त्यांचंच गाव हाय."

रात्र नीट गेली नाही. मी त्यांना जाब देत होते असं समजत होते. वाट दाखवत होते.

११ एप्रिल

पेडल ट्रंकेत होतं. केबल नाही, बॅटरी काढलेली. सकाळी शाळेला निघताना ट्रंकेच्या फटीतून लाल उजेड, ठेक्यात लुकलुकणारा.

ठेका मी शिकवला तो नव्हता. नवीन होता. आधी त्यांनी वाजवला. माझी वाट बघत थांबले.

मी पायानं फरशीवर उत्तर दिलं. घाबरून दिलं की मनापासून, हे सांगता येत नाही. पण दिलं.

१४ एप्रिल

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट.

मिरवणूक चारला निघाली. निळे झेंडे, पोरी नव्या साड्यांत, मी टेम्पोवर. वळण आलं. सवयीनं सगळ्यांचे तळहात ढोलावर गेले. सुहासनं माझ्याकडे बघितलं. मी पेडल दाबलं आणि जाड तार मोकळी सोडली. सुहासनं बेंजो उचलला, मग एक ढोल, मग दुसरा. कुणीतरी घोषणा दिली आणि सगळं वळण भरून गेलं. मला इतका आनंद आयुष्यात झाला नाही. हे भीतीच्या आधी लिहून ठेवायचं होतं.

थांबलो तेव्हा कर्ण्यांतून ते आलं. सगळ्यांनी ऐकलं. नुसता ढोल नव्हता. ढोल, आणि त्यामागे उकरण्याचा आवाज, कितीतरी हातांचा, दगडावर नखं—

कमळाबाईंनी माइक मागितला. वर चढवलं त्यांना. "मैने," म्हणाल्या, "आयकलं गो. उशीर झाला. पन आयकलं."

उकरणं थांबलं. एक क्षण पूर्ण शांत. मग दुप्पट वेगानं सुरू झालं, आणि महिपतरावांच्या ओटीचं जोतं मधोमध उकललं. माणसं पळाली. महिपतराव पळाले नाहीत, ओटीवर तसेच बसून राहिले.

१५ एप्रिल

अधिकारी आले. बघितलं. म्हणाले जमीन खचते आहे, घरं रिकामी करा. खणायचं का विचारलं तर, कशासाठी?

महिपतराव मुलाकडे मुंबईला गेले. जाताना कुदळी आमच्या अंगणात टाकून गेले.

वाडीतली बरीच माणसं शाळेत झोपायला गेली. सुहास आहे. कमळाबाई हलायला तयार नाहीत. मी विचारलं, भीती नाही वाटत? वाटते म्हणाल्या. इतकी वर्षं खणलेले हात आता कसे असतील.

मीही तोच विचार करत होते.

१६ एप्रिल

वळणावर शांत. एकदम शांत. बेस जमिनीवर ठेवून बघितली. दिवे पेटत नाहीत.

गेले कुठे—

१७ एप्रिल

माझ्या खोलीत आहेत. खाली. वळणाकडून इकडे आले. मी ११ तारखेला पाय आपटला होता. हाक दिली होती.

सुहासनं कान लावला. म्हणाला, मॅडम, चला. आत्ता चला. मी नाही म्हटलं. का, हे त्यालाही सांगितलं, इथंही लिहिते, कारण उद्या मला पटेल की नाही माहीत नाही: त्यांना एकदा बाहेरच्यांनी सोडलं आहे. दुसऱ्यांदा मी सोडणार नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही. माणसं होती, एवढं माहीत आहे.

तो गेला नाही. शिव्या देत दारात बसला आहे.

१८ एप्रिल, सकाळ

तोंडात मातीची चव. दात घासले. पुन्हा.

पेडल नको आता. उघड्या कानानं ऐकू येतं. टिपरी, हात. टिपरी, हात. कमळाबाई जमिनीवर बसून बोलतात त्यांच्याशी, स्वयंपाकाचं वगैरे. कोण कोण मेलं ते सांगतात. मधे एकदा खालून बारीक—

नाही. ते लिहायचं नाही.

१८ एप्रिल, दुपार

खिडकीजवळची फरशी वर आली. बोटभर. फटीतून गार हवा, ओली. सुहास कुदळ घेऊन उभा आहे, मारायला की खणायला त्यालाच कळत नाही. मी त्याचा हात खाली केला.

घाबरले आहे. फार. पण कोणी फोडायला लागल्यावर दार उघडणं वेगळं आणि आपण होऊन उघडणं वेगळं, हे मला आजही पट

ठोके थांबले. ते ऐकताहेत. मी काय करते ते ऐकत

उद्या: उजाडल्यावर फरशी आपणच उचलायची.